आजीची गोष्ट आणि हस्तरचा प्रवास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाहेर न थांबणारा पाऊस आणि आत एका खोलीत कोंडून ठेवलेली, मरणच नसलेली एक म्हातारी. भावाला अपघात झाल्यामुळे आई त्याला घेऊन गेलेली. म्हातारीला भरवायला घरात उरलेला असतो तो एकटा लहान मुलगा. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग विसरणं कठीण आहे. हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. पण त्यातली माणसं आपली, पाऊस आपल्या कोकणातला आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. त्यामुळे मराठी माणसाला तो परका वाटला नाही.

ही गोष्ट बर्व्यांकडे कशी आली, ते त्यांनी मुलाखतींमधून मोकळेपणानं सांगितलं आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली. बर्वे तेव्हा शाळकरी वयाचे होते. ती भीती त्यांच्या मनात घर करून बसली आणि १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. म्हणजे या चित्रपटाच्या मुळाशी पुस्तक आहे खरं, पण ते आधी वाचलं गेलं नाही, ऐकलं गेलं. रेडिओवरून बोलताना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. भीती डोळ्यांपेक्षा कानांतून आत शिरते, असं माझं जुनं मत आहे.

आता एक पायरी मागे जाऊ. धारपांची ती आजीची गोष्ट ज्या सांगाड्यावर उभी आहे, तो स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘ग्रामा’ या कथेचा. ती त्यांच्या ‘स्केलेटन क्रू’ या १९८५ च्या संग्रहात आहे. अकरा वर्षांचा जॉर्ज, खेळताना पाय मोडून घेतलेला त्याचा भाऊ, इस्पितळात गेलेली आई आणि घरात अंथरुणाला खिळलेली अवाढव्य आजी. ही आजी चेटूक जाणणारी आहे. ती मरते आणि मेल्यावरही थांबत नाही. पटावरची प्यादी जवळजवळ तीच आहेत, नाही का?

किंगच्या त्या कथेत आजीच्या मंत्रांमध्ये एक नाव येतं, ‘हास्तुर’. ते नाव किंगचं नव्हे, त्यांनी ते एच. पी. लव्हक्राफ्टच्या परंपरेतून उचललं. लव्हक्राफ्टनं १९३१ साली छापून आलेल्या एका कथेत ते वापरलं होतं. त्यानं ते घेतलं रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ च्या कथासंग्रहातून आणि चेंबर्सनं अ‍ॅम्ब्रोज बीअर्सकडून. बीअर्सच्या १८९१ च्या कथेत हास्तुर कोण आहे, माहीत आहे? मेंढपाळांचा एक सौम्य देव! कुणाचं वाईट न चिंतणारा हा देव सव्वाशे वर्षांत चार-पाच लेखकांच्या हातून फिरला आणि कोकणातल्या एका वाड्याच्या पोटात जाऊन बसला. त्याचा ‘हस्तर’ झाला, त्याच्या लंगोटात सोन्याच्या मोहरा आल्या आणि त्याला पकडायला माणसं कणकेच्या बाहुल्या करू लागली.

यावर दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली म्हणजे “अरेच्चा, धारपांनी ढापलं!” आणि दुसरी, “मग बर्व्यांनी नवीन काय केलं?” दोन्ही मला उथळ वाटतात, पण त्या टाळूनही चालणार नाही. भयकथांवरून चित्रपट होतात तेव्हा नेमकं काय घेतलं जातं आणि काय नव्यानं घडतं, हे कळायचं तर याच दोन प्रश्नांमधून जावं लागतं.

जगातल्या भयपटांची सुरुवातच मुळी एका न विचारता केलेल्या रूपांतरानं झाली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊ या दिग्दर्शकानं ‘नोस्फेराटू’ केला. कथा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची, पण हक्क घेतलेले नव्हते. नावं तेवढी बदलली आणि ड्रॅक्युलाचा ऑरलॉक झाला. स्टोकरच्या विधवा पत्नीनं दावा लावला, जिंकला आणि न्यायालयानं चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काही प्रती इकडेतिकडे उरल्या, म्हणून तो आज आपल्याला पाहता येतो. बाईंचा दावा योग्यच होता, यात मला शंका नाही. पण गंमत पुढे आहे. सूर्याच्या उजेडानं रक्तपिपासू मरतो, हे आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते स्टोकरच्या कादंबरीत नाही. तिथे ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हानं होणारं मरण ही ‘नोस्फेराटू’ची भर. चोरलेल्या चित्रपटानं मूळ पात्राला मरणाची नवी रीत दिली आणि पुढच्या शंभर वर्षांत सगळ्यांनी ती मुकाट्यानं स्वीकारली.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक प्रसिद्ध निकाल आहे. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट बेतला, असा दावा होता. कल्पना, विषय किंवा कथावस्तू यांवर कुणाचा मालकी हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर, असं न्यायालयानं सांगितलं आणि निकाल चित्रपटाच्या बाजूनं गेला. ‘आजारी आजी आणि एकटा मुलगा’ ही कल्पना झाली. ती कुणाचीही नाही. तिच्यातून लेखकानं काय उभं केलं ते त्याचं.

धारपांनी उभं काय केलं? आपल्या लोकपरंपरेतलं भूत घ्या. मुंजा, हडळ, वेताळ, खवीस, ब्रह्मसमंध. प्रत्येकाला राहायला जागा असते, जात असते आणि मुख्य म्हणजे कारण असतं. लग्नाची इच्छा राहिली म्हणून मुंजा पिंपळावर. बाळंतपणात गेली म्हणून हडळ. कारण कळलं की उतारा ठरतो. नारळ, कोंबडा, अमावास्येचा भात. म्हणजे हा एक प्रकारचा व्यवहारच. धारपांच्या कथांमधल्या अमंगलाला असं कारण नसतं. ते विश्वाच्या कुठल्यातरी फटीतून येतं, त्याला तुमच्याशी वैर नसतं, फक्त भूक असते. ही दृष्टी लव्हक्राफ्टची, मला मान्य आहे. पण ती मध्यमवर्गीय मराठी बिऱ्हाडात, देवघर आणि माजघर यांच्या मध्ये आणून ठेवणं आणि ‘समर्थां’सारखा एक साधक तिच्यासमोर उभा करणं, हे भाषांतर नव्हे. ‘लुचाई’ वाचताना किंगची ‘सालेम्स लॉट’ आठवते. तरीही ‘लुचाई’ची भीती मराठीतच लागते.

१९२५ साली जन्मलेले धारप २००८ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं शंभराच्या घरात आहेत. त्यांचे वाचक मात्र वाङ्मयीन चर्चासत्रांमध्ये नव्हते, ते होते वाचनालयांमध्ये. आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. त्याखेरीज नौपाड्यात गोखले रोडच्या आजूबाजूला गल्लोगल्ली खासगी वाचनालयं असत. महिन्याची वर्गणी भरायची आणि एक पुस्तक, एक मासिक घरी न्यायचं. तिथे धारपांची पुस्तकं कपाटात क्वचितच दिसत, कारण ती नेहमी कुणाच्या तरी घरी असत. पुठ्ठ्याची बांधणी केलेली, कोपरे मऊ झालेली ती पुस्तकं मी अशीच रांगेत थांबून वाचली. जोडीला ‘नवल’, ‘धनंजय’चे दिवाळी अंक असत आणि रत्नाकर मतकरी असत. मतकरींनी ‘गूढकथा’ हा शब्द मराठीत रुजवला आणि भूत घराबाहेरून माणसाच्या मनात आणलं. त्यांच्या ‘खेकडा’ कथेनं झोप उडालेली माणसं मला आजही भेटतात.

एवढं भांडवल कपाटात असताना मराठी सिनेमानं ते वर्षानुवर्षं उचललं नाही, ही माझ्या मते आपल्या चित्रपटसृष्टीतली एक मोठी गैरहजेरी आहे. ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ मध्ये आला. त्याची गाणी टिकली, पण त्यातून भयपटांची वाट काही तयार झाली नाही. हिंदीत रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’पासून म्हणजे १९७२ पासून आपलं दुकान थाटलं. चित्रीकरण आपल्याच महाबळेश्वरात, पण त्या भुतांना ना गाव ना भाषा. साहित्याशी त्यांचा संबंध जवळपास नव्हता.

मराठीत भूत आलं ते हसवत. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. योगायोग बघा, नागझिऱ्यात बर्वे आजीची गोष्ट ऐकत होते त्याच वर्षीचा. ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातली खुनी बाहुली इथे तात्या विंचू झाली, तीही रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुलीच्या रूपानं. तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी आणि त्याच प्रभावळकरांनी मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण केली होती. मुलांना घाबरवता घाबरवता हसवणं ही आपल्याकडची एक खास कला आहे. ती कमी प्रतीची आहे, असं मी म्हणणार नाही. ‘झपाटलेला’ मी कितीही वेळा पाहू शकतो. पण निर्मात्यांनी त्यातून धडा घेतला तो असा की, मराठी प्रेक्षक भुताला हसतो, भीत नाही. वाचनालयातली ती रांग त्यांनी कधी पाहिलीच नसावी.

अर्थात दोष एकट्या निर्मात्यांचा नाही. पानावरची भीती पडद्यावर नेणं हे कामच अवघड. कथेत लेखक ‘दाराबाहेर काहीतरी होतं’ एवढंच लिहितो आणि ते ‘काहीतरी’ वाचक स्वतःच्या सामानातून तयार करतो. माझ्या दाराबाहेरचं काहीतरी वेगळं, तुमच्या दाराबाहेरचं वेगळं. चित्रपटाला कधीतरी दार उघडावं लागतं. उघडलं की रबराचा मुखवटा दिसण्याची भीती असते, आणि ती प्रेक्षकाला नसते, निर्मात्याला असते! मतकरींच्या कथांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या अनेक कथांचं मर्म शेवटच्या ओळीत असतं. त्या ओळीसाठी प्रेक्षकाला दोन तास बसवून ठेवणं अन्यायाचं होतं. म्हणूनच त्या छोट्या पडद्यावर, ‘गहिरे पाणी’ मालिकेत, अर्ध्या तासाच्या मापात नीट बसल्या. धारपांच्या ‘ग्रहण’ कादंबरीवरची मालिकाही २०१८ मध्येच झी मराठीवर आली. पल्लवी जोशी तिच्यात होत्या. पण रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही आणि भयकथेचं तर शेवटावाचून चालत नाही.

बाहेरच्या देशांत ज्या रूपांतरांनी सिनेमाच बदलला, त्यांनी ही अडचण कशी सोडवली, ते पाहण्यासारखं आहे. रॉबर्ट ब्लॉकची ‘सायको’ कादंबरी १९५९ ची, हिचकॉकचा चित्रपट पुढच्याच वर्षीचा. नायिकेला पहिल्या अर्ध्या भागातच मारून टाकण्याची कल्पना कादंबरीतली. पण ती प्रसिद्ध नटीवर वापरणं आणि सुरा दाखवून जखम न दाखवणं हे हिचकॉकचं. संकलन आणि व्हायोलिन यांनी भीती निर्माण होते, हे त्यानंतर सगळ्यांना कळलं. किंगच्याच ‘द शायनिंग’वर कुब्रिकनं १९८० मध्ये चित्रपट केला. कादंबरीत हॉटेल बॉयलर फुटून जळतं, चित्रपटात नायक बर्फात गोठून मरतो. एकानं आग लिहिली, दुसऱ्यानं गारठा दाखवला. किंगला तो चित्रपट इतका खटकला की, त्यांनी १९९७ मध्ये स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी तीच कथा पुन्हा करवून घेतली. ती कादंबरीशी जास्त प्रामाणिक आहे. लोकांच्या लक्षात मात्र कुब्रिकचीच राहिली.

मूळ ‘ग्रामा’चंही तेच झालं. अमेरिकेत तिच्यावर १९८६ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’चा भाग झाला, २०१४ मध्ये ‘मर्सी’ नावाचा चित्रपट झाला. दोन्ही घटनेच्या जवळ राहिले आणि दोन्ही आज फारशा कुणाच्या तोंडी नाहीत. ती कथा खऱ्या अर्थानं पडद्यावर आली ती मराठीतून फिरून आल्यावर.

बर्व्यांनी काय बदललं? किंगच्या कथेत मुलगा निव्वळ बळी आहे. ‘तुंबाड’मधल्या विनायकला मात्र खजिना हवा आहे. एवढ्या एका बदलानं गोष्टीचा रोख फिरतो. म्हातारीच्या खोलीतला प्रसंग संपतो तेव्हा मुलगा सुटला, एवढंच आपल्याला वाटतं. पण तो परत येणार असतो. चित्रपट १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांतून जातो आणि प्रत्येक वेळी हस्तर आहे तिथेच असतो, बदलते ती माणसाची हाव. शेवटी तर बापाचं पाहून मुलगा तयार झालेला असतो. धारपांचं कारण नसलेलं, नुसती भूक असलेलं अमंगल इथे आहे, आणि त्याच्यासमोर लोककथेतला व्यवहारही आहे. कणकेची बाहुली द्यायची, मोहर काढून घ्यायची. परदेशी दैवत आणि देशी देवघेव यांचा सांधा असा जुळला की, हस्तर पुराणात नाही, हे अनेकांना सांगूनही पटत नाही.

आणि तो पाऊस! चार पावसाळ्यांमध्ये चित्रीकरण झालं. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात ऊन जवळजवळ नाहीच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पांडुरंग झालेला मोहम्मद समद हा मुलगाच रंगभूषा करून ती म्हातारीही झाला आहे. एका पोरानं सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवी अशा दोन्ही हावऱ्या जिवांची कामं करावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मुद्दाम केलं असो वा नसो.

पहिल्यांदा चित्रपट बेतासबात चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. त्याच वर्षी आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हिंदीत भरपूर चालला. तोही कोकणातला, पिंपळावरचा. याचं सगळं श्रेय ‘तुंबाड’ला देणं धाडसाचं होईल. पण गावच्या भुताला गावातच ठेवून पिक्चर चालतो, हे निर्मात्यांना एकदाचं दिसलं.

आम्हा शहरातल्यांची पंचाईत मात्र वेगळीच आहे. धारपांच्या गोष्टींना लागणारी घरं आमच्याकडे उरली नाहीत. नौपाड्यात बैठी घरं होती, परसात विहिरी होत्या, संध्याकाळी पोरांना अंगणातल्या झाडाखाली जाऊ देत नसत. त्या जागी आता सात मजले आहेत आणि जिन्यात रात्रभर दिवा. भुतानं राहायचं कुठे? सरपोतदारांनीच ‘झोंबिवली’मध्ये २०२२ साली याचं एक उत्तर दिलं. डोंबिवलीतला उंच गृहप्रकल्प, शेजारची वस्ती आणि मध्ये पाण्याचा प्रश्न. चित्रपट विनोदाकडे झुकतो, आपली जुनी सवय. पण आपल्या भागात आता भीती कुठे राहते, तो पत्ता त्यानं बरोबर सांगितला. विशाल फुरिया यांनी त्याआधी २०१७ मध्ये ‘लपाछपी’त ती उसाच्या फडात शोधली आणि भूत ठेवलं ते मुलगी नको असलेल्या घरात. त्यांनीच २०२१ मध्ये हिंदीत त्याचा ‘छोरी’ केला. मराठी भयपटावरून हिंदी चित्रपट निघण्याची ही उलटी गंगा सुखावणारी होती. हे दोन्ही चित्रपट पुस्तकांवरून आलेले नाहीत, स्वतंत्र आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

पुस्तकं तशीच आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे धारपांचे २०६८ च्या अखेरपर्यंत आणि २०२० मध्ये गेलेल्या मतकरींचे २०८० पर्यंत. ज्याला ‘लुचाई’ करायची आहे, त्याला तोवर थांबायची गरज नाही. वारसांना भेटायचं, हक्क रीतसर घ्यायचे आणि श्रेयनामावलीत लेखकाचं नाव मोठ्या अक्षरांत टाकायचं. किंगच्या मांडणीची सावली जिथे जास्त गडद आहे, तिथे त्यांच्याकडेही विचारणा करावी लागेल. काम कटकटीचं आहे, पण ‘नोस्फेराटू’सारखं प्रती लपवून ठेवण्यापेक्षा सोपं. मग प्रश्न उरेल तो लुचाईला कुठल्या गावात, कुठल्या घरात आणून सोडायचं याचा, आणि दार किती उघडायचं याचा.